तीन दहा, डावी बाजू

ही गोष्ट खरी आहे हे मी शपथेवर सांगणार नाही. शपथ घेऊन बोलणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, आखीव. ज्याला शंका असेल त्याने घरी यावं आणि बघावी. चहा मिळेल.

फक्त दुपारी तीनच्या आधी यावं.

सुरुवात झाली तो मंगळवार होता. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. जागा, आमच्या भाड्याच्या घराची आतली खोली. खिडकीतून ऊन येत होतं आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी ड्रिलने भिंतीला भोकं पाडत होतं. अशा गोंगाटात, अशा उजेडात काही विपरीत घडत नाही असं मलाही वाटायचं.

आमचं बाळ तेव्हा दहा दिवसांचं होतं. मी चव्वेचाळीस वर्षांचा, बायको एकोणचाळीसची. म्हणजे बाळ किती वाट बघायला लावून आलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आल्या दिवसापासून सगळं घर त्याच्यासमोर हात जोडून उभं, म्हणून मी त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

साहेब दूध प्यायचे नाहीत.

म्हणजे तोंड लावायचे, दोनदा चोखायचे, चेहरा वाकडा करायचे आणि रडायला लागायचे. बायको चाळीस-चाळीस मिनिटं बसायची. पाठ भरून यायची, डोळे भरून यायचे, साहेबांचं पोट मात्र भरायचं नाही. जन्माच्या वेळी वजन दोन किलो नऊशे. नवव्या दिवशी, सोमवारी, दोन किलो पाचशे साठ.

डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा बघून चष्मा काढला. माणसं चष्मा काढायला लागली की मला घाम फुटतो.

"काढलेलं दूध चमच्याने पाजा," त्या म्हणाल्या. "गुरुवारी परत या. निदान शंभर ग्रॅम वाढलं पाहिजे. नाहीतर दाखल करून घ्यावं लागेल."

बायको रस्ताभर साहेबांना छातीशी धरून होती. दार उघडताना एवढंच म्हणाली, "मला हे एवढंही जमत नाही."

आणि सल्ल्यांना तर ऊत आला होता. माझी आई म्हणे वरचं दूध सुरू करा, तुम्ही दोघं भाऊ त्यावरच वाढलात. बायकोची मैत्रीण म्हणे वरचं दूध दिलंस तर संपलंच सगळं. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांचा या विषयाशी आयुष्यात संबंध आलेला नाही, ते जिन्यात थांबवून म्हणाले, "टेन्शन नका घेऊ." मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहून पोट भरतो. कुणी वाचत नाही असा सल्ला देणं हाच माझा धंदा. पण मी निदान विचारल्याशिवाय देत नाही.

शेवटी त्याच सोमवारी, डॉक्टरांच्याच ओळखीने, एक बाई मिळाल्या. अशा बाईंना हल्ली डूला म्हणतात. बाळंतपणानंतर घरी येऊन त्या आई आणि बाळाची एकमेकांशी गाठ घालून देतात. औषध नाही, उपचार नाही. पाजायचं कसं, बसायचं कसं, झोपायचं कधी, आणि नातेवाइकांना गप्प कसं करायचं, एवढंच.

त्यांना आम्ही ताई म्हणायचो. पन्नाशीच्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या. चप्पल काढून, हात धुऊन त्या खोलीत येऊन बसल्या आणि अर्धा तास काहीच केलं नाही. मी घड्याळाकडे बघत होतो.

"बाबा," त्या मला म्हणाल्या. घरोघरी त्या सगळ्यांना नात्यानेच हाक मारत, आई, बाबा, आजी. "तुम्ही घड्याळाकडे बघता ना, ते बाळाला कळतं."

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. बिनहातांची खुर्ची हवी म्हणाल्या. मी लगेच जाऊन नवीकोरी आणून स्वतः जोडली. दोन स्क्रू उरले. पायाखाली स्टूल. बायको उंच, म्हणून स्टूल चांगलं हातभर पुढे. बाळाचं पोट आईच्या पोटाला. मान आणि पाठ एका रेषेत. बाळाला अंगाजवळ आणायचं, आपण बाळावर वाकायचं नाही.

"आणि कान द्यायचा," ताई म्हणाल्या. "दोनदा चोखलं की एक घोट ऐकू आला पाहिजे. बारीक आवाज असतो. क्... असा. तो आवाज आला की समजायचं, जातंय पोटात."

आम्ही तिघांनी कान दिला.

चोखण्याचा आवाज आला. मग रडण्याचा.

घोटाचा नाही.

जाताना त्यांनी पाजण्याच्या आधी आणि नंतर वजन करायला एक छोटा काटा ठेवला आणि वही काढली. रकाने आखले: वेळ, बाजू, मिनिटं, वजन, ओले लंगोट. आणि चार पेनं ठेवली. आईचं हिरवं, माझं निळं, त्यांचं काळं, आजीचं लाल.

"मला परीक्षक केलंय," माझी आई म्हणाली.

"भांडणं टळतात, आजी," ताई म्हणाल्या. "झोप नसली की प्रत्येकाला वाटतं सगळं मीच करतोय. शाई बघितली की कळतं कोणी काय केलं."

आजी लगेच मुद्द्यावर आली. "मी म्हणते एक बाटली दिली तर काय बिघडेल? मी पाजते, हिला आराम. मी दोन मुलं वाढवलीत."

ताई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही खूप केलंत. आता तिला करू द्या. तुम्ही इथे नुसत्या बसा. बसणारं माणूसही लागतं."

आणि माझी आई गप्प बसली. चव्वेचाळीस वर्षांत मला जे जमलं नाही ते या बाईंनी चार वाक्यांत केलं. ही वाक्यं लक्षात ठेवा.

मंगळवारपासून ताई सकाळी नऊला यायच्या, एकला जायच्या. दुपारी अडीच ते चार बायकोने झोपायचंच, हा त्यांचा नियम. तेवढ्या वेळात साहेब उठले तर काढलेलं दूध मी चमच्याने पाजायचं.

मंगळवारी दुपारी बायको बाहेर सोफ्यावर झोपली. आई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. मी जेवणाच्या टेबलावर एका वॉशिंग मशीनची 'खबरदारी' लिहीत बसलो. चमचा-वाटी तयार.

साहेब तीन वाजता रडायला लागले. मी वाक्य पुरं करून उठणार...

रडणं थांबलं.

म्हटलं बरं झालं, परत झोपले. मी वाक्य पुरं केलं. मग दुसरंही केलं.

चार वाजता बायको उठली, साहेबांना घेऊन खुर्चीत बसली आणि लगेच म्हणाली, "हे स्टूल इतकं जवळ कोणी ओढलं? माझे गुडघे हनुवटीला लागतायत."

साहेबांनी तोंड फिरवलं. भूकच नव्हती. हात सैल, ओठ ओले, चेहऱ्यावर भरल्या पोटाचं ते मंद, वरिष्ठ समाधान.

"तू पाजलंस?" तिने विचारलं.

"नाही. झोपलाच होता."

तिने वही उघडली. माझ्यापुढे धरली.

३:१०. डावी. २२ मि.

पेन्सिलीने.

अक्षर बारीक, नेटकं, उजवीकडे किंचित झुकलेलं. आमच्या घरात पेन्सिल नव्हती.

आता इथे कुणालाही भीती वाटेल. मला संताप आला. कारण उघड होतं: माझ्या आईने गुपचूप बाटली दिली होती. आपत्कालीन म्हणून आणलेला वरच्या दुधाचा डबा कपाटात होता. मी डब्याच्या झाकणावर सेलोटेप लावून त्यावर माझी सही केली.

बुधवारी तसंच. तीनला रडणं. मग शांतता. स्टूल जवळ. साहेब तृप्त. वहीत पेन्सिल.

सेलोटेप जशीच्या तशी.

गुरुवारी काट्यावर दोन किलो सातशे पन्नास. तीन दिवसांत एकशे नव्वद ग्रॅम.

"अरे वा!" डॉक्टरांनी चष्मा घातला. "छान काम केलंत, आई."

बायको हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी काय केलं? वही बघ ना. माझ्याकडून दर वेळी पाच-दहा ग्रॅम. मी तर झोपले होते."

"वजन वाढलं ना? आता कशाला..."

"माझ्याकडे घेतलं की तो मान वळवतो. त्याला आता मी लागतच नाही. तुला कळतंय का मी काय म्हणतेय?"

मला कळलं नव्हतं. मला गुन्हेगार पकडायचा होता. संध्याकाळी मी आईला वही दाखवली आणि अगदी सौम्य शब्दांत विचारलं. सौम्य शब्दांत विचारलं की भांडण जास्त पेटतं, हा माझा अनुभव.

"मी चोरून पाजते? माझ्याच नातवाला?" आई म्हणाली. "आणि चोरून पाजून वर वहीत लिहून ठेवते? इतकी बावळट वाटते तुला तुझी आई?"

"मग लिहिलं कोणी?"

"तुझ्या त्या बाईंना विचार. माझं पेन लाल आहे."

शुक्रवारी सकाळी ती बॅग घेऊन दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे, निघून गेली. जाताना बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

ताई आल्यावर मी त्यांनाही विचारलं. आज त्याची लाज वाटते.

"मी एक वाजता जाते, बाबा," त्या शांतपणे म्हणाल्या. मग पेन्सिलीच्या तीन ओळींवर बराच वेळ बोट ठेवून बसल्या.

"तिन्ही दिवस तीन दहा," त्या हळूच म्हणाल्या. "तिन्ही दिवस डावी बाजू. कुणीतरी नियमाचं दिसतंय."

त्याच दुपारी.

आई नव्हती. बायको सोफ्यावर, माझ्यापासून चार पावलांवर, उशीत तोंड खुपसून झोपलेली. मी टेबलाशी, पण लॅपटॉप बंद. दोन वाजता मी साहेबांचं वजन करून पाळण्यात ठेवलं होतं. दोन किलो सातशे सत्तर. खोलीचं दार लोटलेलं. घरात दुसरं कुणीही नाही. मुख्य दाराची कडी मी स्वतः लावलेली.

तीन वाजता साहेब रडले.

मी उठलो नाही. मुद्दाम. हातातला चमचा घट्ट धरून बसलो.

रडणं वाढलं... वाढलं...

आणि मध्येच तुटलं. तोंडात काहीतरी दिल्यासारखं.

समोरच्या इमारतीतलं ड्रिलही तेवढ्यात थांबलं. इतकी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

आणि मग दाराआडून तो आवाज आला.

क्...

क्...

क्...

दोनदा चोखणं, एक घोट. दोनदा चोखणं, एक घोट. पाच दिवस आम्ही तिघं ज्या आवाजासाठी कान लावून बसलो होतो, तो.

मी सोफ्याकडे बघितलं. बायकोचा हात खाली लोंबत होता. ती गाढ झोपेत होती.

दारापर्यंत जायला मला किती वेळ लागला माहीत नाही. सात पावलं आहेत. दार ढकललं तेव्हा आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं.

साहेब पाळण्यात होते. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. स्टूल खुर्चीला अगदी चिकटून, बुटक्या माणसाने पाय टेकायला ओढावं तसं. मी खुर्चीवर हात ठेवला.

ती गरम होती.

वही टेबलावर उघडी. ३:१०. डावी. २२ मि. माझ्या घड्याळात तीन बत्तीस झाले होते.

मी साहेबांचं वजन केलं. दोन किलो आठशे चाळीस.

मागे बायको येऊन उभी होती. मी वळलो, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मंगळवारपासून. त्याच्या तोंडाला माझ्या दुधाचा वास येत नाही."

आता रीतीप्रमाणे त्या घरात पूर्वी काहीतरी घडलेलं असायला हवं. मी चौकशी केली, मनापासून केली. घरमालक म्हणाले, आमच्याआधी तिथे एक अविवाहित सर्व्हेअर राहायचा आणि रविवारी आठवड्याचे शर्ट इस्त्री करायचा. त्याआधी इमारतच नव्हती, मोकळं मैदान होतं. खुर्ची नवी. पाळणा नवा. वही कोपऱ्यावरच्या दुकानातली. कारण म्हणून काहीही हाती लागलं नाही. माणूस घाबरतो तेव्हा त्याला निदान नीट उत्तर तरी मिळावं. ते द्यायलाही कुणी तयार नव्हतं.

ताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत.

"उद्या मी दुपारी थांबते," त्या म्हणाल्या. "आईंना सांगा, उद्या अडीचला झोपायचं नाही. तीन दहाची भूक त्यांची आहे. ती त्यांनी घ्यायची."

शनिवारी पावणेतीनला बायको खुर्चीत बसली. ताई तिच्या डाव्या हाताला, जमिनीवर. मी दाराशी. साहेब मांडीवर जागे, आणि बघत होते कुठे, तर बायकोच्या खांद्यावरून पलीकडे. तिथे भिंत होती.

तीन वाजले. साहेब रडायला लागले. बायकोने अंगाजवळ घेतलं, त्यांनी मान फिरवली. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवली.

"घेत नाहीये," तिचा आवाज चिरकला. "ताई, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये."

"थांबा. घाई नाही."

ताईंनी स्टूल हातभर पुढे सरकवलं, बायकोच्या पायांना जमेल तसं. टॉवेल घ्यायला वळल्या.

परत बघितलं तर स्टूल खुर्चीला चिकटलेलं.

मी डोळे मिटले नव्हते. सरकताना मला काही दिसलं नाही. आधी तिथे होतं, मग इथे होतं.

ताईंनी ते पुन्हा पुढे सरकवलं. साहेबांचा पाय सावरला.

स्टूल पुन्हा जवळ.

तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही. मांडी घालून नीट बसल्या, खुर्चीच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि बोलल्या. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात सोमवारी माझ्या आईशी बोलल्या होत्या.

"वय माहीत नाही, म्हणून ताई म्हणते. ताई, तुम्ही खूप केलंत. तुम्ही नसतात तर हे बाळ आज दवाखान्यात असतं. आता तिला करू द्या. तुम्ही इथे नुसत्या बसा."



खोलीत कोमट दुधासारखा वास आला... आणि गेला.

साहेबांनी मान वळवली. सावकाश, भिंतीकडून आईकडे. एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. इतकं मोठं, की जांभई असावी. बायकोने त्यांना अंगाजवळ ओढलं.

क्...

क्...

क्...

बायको हसत होती आणि रडत होती. ताईंनी तिचं नाक पुसलं. काट्यावर पंचावन्न ग्रॅम भरले. हिरव्या शाईत तिने वहीत लिहिलं: ३:१०. डावी. २४ मि. आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या दिवशी पेन्सिल नव्हती.

मी दादाच्या घरी जाऊन आईची माफी मागितली. तिने ती तीन आठवड्यांनी स्वीकारली. साहेब सहा आठवड्यांत गुटगुटीत झाले आणि ताईंचं काम संपलं. शेवटच्या दिवशी त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"ही टाकून द्या, बाबा. रिकाम्या रकान्यांची वही घरात ठेवू नये. कुणाला तरी वाटतं, अजून काम बाकी आहे."

मी मान डोलावली. आणि वही कपाटावर ठेवून दिली.

का ठेवली? कागद टाकवत नाहीत मला, एवढंच. सात वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं हमीपत्रही आहे माझ्याकडे. मिक्सर नाही.

बायकोची रजा साडेसहा महिन्यांनी संपली. ती ऑफिसला जाऊ लागली, साहेब दिवसभर माझ्याकडे. ती दूध काढून, बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळी दुपारची बाटली तशीच्या तशी असायची आणि ती मुकाट्याने बेसिनमध्ये ओतायची. पाऊण तास यंत्र लावून काढलेलं दूध.

"तू देतोस तरी का?" तिने एकदा विचारलं.

"झोपतो गं दुपारी. उठवू का?"

खरं म्हणजे दुपारी माझ्या मीटिंगा असायच्या. तीनला एकदा कुरकुर व्हायची. मग थांबायची. मी मित्रांना सांगायचो, लोक उगाच बाऊ करतात, मूल सांभाळणं अगदी सोपं आहे.

परवा, सोमवारी, सात महिन्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट फिरवलं.

"गेल्या दहा दिवसांत एकदम एवढं? वरचं काय देताय?"

"काहीच नाही," बायको म्हणाली. "उलट दुपारची बाटलीसुद्धा घेत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आधीचे आकडे लिहून ठेवले असतील तर बघा बरं."

घरी आल्यावर मी स्टूलावर चढून वही काढली. शेवटची नोंद काळ्या शाईत असणार होती. ताईंची, सहाव्या आठवड्यातली.

ती होतीच. पण शेवटची नव्हती.

खाली पेन्सिल सुरू झाली होती.

३:१०. नाही घेतलं.

३:१०. नाही घेतलं.

३:१०. नाही घेतलं.

रोजची एक ओळ. बारीक, नेटकं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. पानामागून पान. बायको रोज तीनला साहेबांना अंगावर घेत होती, आणि रोज कुणीतरी बाजूला बसून ते लिहून ठेवत होतं. मी मोजल्या. एकशे एकसष्ट ओळी.

मग बायको ऑफिसला जायला लागली तो दिवस.

३:१०. घेतलं. डावी. १५ मि.

त्याखाली तशाच सात. सुट्टीचे दोन रविवार सोडून.

मी ताईंना फोन लावला. पलीकडे कुठल्यातरी घरातलं बाळ रडत होतं. मी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वही टाकली नाहीत ना?"

मी हातातली वही मिटली.

"मी येईन. पण माझं एकदा बोलून झालंय, बाबा. त्यांनी ऐकलं, बाजूला बसल्या. मग ती वेळ रिकामी कोणी ठेवली?"

"आता टाकू का वही?"

"टाका हवं तर," त्या म्हणाल्या. "मग कुठे लिहितील, ते मात्र कळणार नाही."

मी वही टाकली नाही. लिहिताहेत तोवर निदान कळतं तरी.

काल, मंगळवारी, मी मीटिंग रद्द केली. तीनला बाटली कोमट करून, बिनहातांच्या खुर्चीत, साहेबांना मांडीवर घेऊन बसलो. स्टूल सरकवायला गेलो नाही. साहेबांनी बरीच टंगळमंगळ केली, शर्टाचं बटण चावलं, पण अर्धी बाटली संपवली. मला वाटलं, जिंकलो. निळ्या पेनाने ऐटीत नोंद केली. बायकोला फोन केला. ती ऑफिसात रडली.

रात्री झोपण्याआधी वही सहज उघडली. माझ्या ओळीखाली पेन्सिल होती.

बाबांनी पाजलं. मान नीट धरत नाहीत. उद्या मी.

आधी मला राग आला, हे कबूल करतो. या घरात पाजण्याबद्दल मत नसलेलं एकही माणूस नाही, आणि आता माणूस नसलेल्यालाही मत होतं. मग मात्र मला बायकोच्या शेजारी पडूनही थंडी वाजायला लागली.

आज तो उद्या आहे.

बायकोने रजा मागितली, मिळाली नाही. ताई दुसऱ्या गावी आहेत, संध्याकाळी येतील. आई आली आहे. ती बाहेर बसली आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही सुचवत नाहीये. मी दुपारी दोनपासून खुर्चीत आहे. हे सगळं एका हाताने, फोनवर टाइप करतोय. दुसऱ्या हाताने साहेबांची मान धरली आहे. नीट धरली आहे. समोर आरसा ठेवून खात्री करून घेतली आहे.

तीन वाजून आठ मिनिटं झाली आहेत. बाटली तयार आहे. साहेब रडत नाहीयेत.

ते माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघतायत...

आणि त्यांनी तोंड उघडलंय. मोठं. जांभई असावी इतकं.